जुना 47 आणि नवा 47



मागच्या वर्षी जूनमध्ये आमच्या ग्रामसंघात एक प्रकार घडला. आजचा विषय संगणकाचा आहे, पण सुरुवात त्या प्रकारापासूनच करावी लागेल.

आमचा ग्रामसंघ दिंडोरी तालुक्यातला. 12 गट, 134 बायका. जूनच्या बैठकीत यादी वाचताना एका ताईंच्या नावावर 18,000 रुपयांची थकबाकी निघाली. ताई उभ्याच राहिल्या. त्यांचं कर्ज फिटून वर्ष झालं होतं. पिशवीतून पासबुक काढून त्यांनी शेवटच्या हप्त्याची नोंद दाखवली. पण संगणकातल्या यादीत थकबाकी होती, आणि छापील कागदापुढे आपण बायका चटकन गप्प बसतो. त्यांचा नवा अर्ज बाजूला ठेवला गेला. चूक सापडून तो पुढे सरकायला दोन महिने गेले. टोमॅटोची लावण काही दोन महिने थांबत नाही. रोपं, बांबू, तार, सुतळी यांसाठी ताईंनी गावातच महिना शेकडा 5 रुपये व्याजाने 20,000 उचलले. दोन महिन्यांचं व्याज 2,000 झालं. गटाकडून शेकडा 1 ने मिळाले असते तर 400 बसले असते. वरचे 1,600 रुपये कुणाच्या चुकीचे? बँकेच्या नाही, ताईंच्या तर नाहीच. आमच्या चुकीचे. आम्ही म्हणजे वह्या आणि संगणक सांभाळणाऱ्या आम्ही चौघी.

झालं होतं असं. सभासदांना पूर्वी सरसकट नंबर होते, ज्या क्रमाने बायका आल्या त्या क्रमाने. 1 पासून 134 पर्यंत. गट वाढले तसा तो क्रम विस्कटला. एका गटात 3, 47, 88, 121 असे नंबर. शोधायला त्रास होई. म्हणून एका रविवारी आम्ही बसून सगळे नंबर नव्याने लावले. पहिल्या गटाला 1 पासून 11, दुसऱ्याला 12 पासून पुढे, असं ओळीने. यादी देखणी झाली. चहा झाला. घरी गेलो.

पण कर्जाची यादी वेगळ्या पानावर होती, आणि तिच्यात नाव नव्हतं, फक्त नंबर होता. जुना 47 ही एक ताई आणि नवा 47 ही दुसरीच. जुन्या 47 चं कर्ज नव्या 47 च्या अंगावर आलं. त्यातून दोघींचं पहिलं नाव एकच, त्यामुळे वाचताना कुणाला खटकलंही नाही. खात्यातला पैसा एक रुपयाने इकडचा तिकडे झाला नव्हता. बदलली होती ती फक्त पैशावरची चिठ्ठी.

हे सगळं निस्तरत असताना गटातल्या एका ताईंची मुलगी आमच्या मदतीला बसली. ती नाशिकला कॉलेजात संगणक शिकते. आमचा जुना संगणक तिनेच सुरू करून दिलेला, त्यात फुकट मिळणारी आणि खुली प्रणाली टाकून. सगळं ऐकून ती हसली आणि म्हणाली, मावशी, तुम्ही 134 चिठ्ठ्या बदलताना फसलात. मी वापरते त्या भांडारात सत्तर हजारांच्या आसपास चिठ्ठ्या आहेत. ते लोक त्या सारख्या बदलत असतात आणि जगभरातले संगणक चालूच असतात. आम्ही तिला म्हटलं, ते कसं ते आम्हाला सांग. पुढच्या तीन-चार संध्याकाळी तिने सांगितलं. आज ते तुमच्यापुढे मांडतो.

आधी चिठ्ठी म्हणजे काय ते पाहू. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 सालचं. अशा मोठ्या वाचनालयात पुस्तक कपाटात असतं आणि पुस्तकाविषयीची माहिती वेगळी नोंदलेली असते: नाव, लेखक, विषय, कपाट कोणतं. पुस्तक चांगलं आहे पण नोंद चुकली, तर ते सापडत नाही. सापडलं नाही म्हणजे वाचकापुरतं ते नाहीच. सातबारा तसाच. तो काही जमीन नाही, जमिनीविषयीची माहिती आहे. पण कर्ज, वाटणी, विमा, अनुदान हे सगळं त्या कागदावर चालतं. बांधावर उभं राहून कोणी देत नाही. वस्तू वेगळी आणि वस्तूविषयीची माहिती वेगळी. या दुसऱ्या माहितीला संगणकवाले मेटाडेटा म्हणतात. आपण चिठ्ठीच म्हणू.

आता ते भांडार. त्याचं नाव डेबियन. अमेरिकेतल्या इयन मर्डॉक या विद्यार्थ्याने 16 ऑगस्ट 1993 रोजी ते जाहीर केलं. डेब्रा ही त्याची मैत्रीण, पुढे त्याची बायको. डेब्रा आणि इयन मिळून डेबियन. तिचं नाव आधी आहे, हे आमच्या बैठकीत सगळ्यांनी लक्षात ठेवलं, बाकी काही ठेवलं नाही तरी.

डेबियन ही कंपनी नाही. त्याला मालक नाही. जगभरातले हजाराच्या आसपास मान्यताप्राप्त सभासद आणि त्यांच्याशिवाय आणखी कितीतरी मदतनीस आपल्या वेळात ते चालवतात. दरवर्षी ते आपला प्रमुख मतदानाने निवडतात. उमेदवारांना पसंतीक्रम द्यायचा असतो आणि यांपैकी कोणीच नको असंही म्हणता येतं. त्यांचं वार्षिक संमेलन 2023 मध्ये आपल्याकडे केरळात कोचीला झालं होतं.

भांडारात असतात प्रोग्राम. पत्र लिहिण्याचा, हिशोबाचा, चित्र काढण्याचा, मुलांच्या खेळाचा, दवाखान्याच्या नोंदींचा. प्रत्येक प्रोग्राम एका पुडक्यात बांधलेला, म्हणून त्याला पॅकेज म्हणतात. हे प्रोग्राम मुक्त असतात. मुक्त म्हणजे नुसतं फुकट नव्हे. समजा, एखादीने गोडा मसाला विकताना पाकिटासोबत कृतीही दिली आणि सांगितलं की, करून बघ, तुझ्या चवीने बदल, वाटलं तर विक, फक्त पुढच्या बाईलाही कृती दे. तसं. 9 ऑगस्ट 2025 रोजी डेबियनची तेरावी आवृत्ती निघाली, तिच्यात 69,830 पॅकेजेस आहेत. त्याच वेळी 8,840 हून जास्त पॅकेजेस कालबाह्य म्हणून काढली गेली. म्हणजे हे भांडार नुसतं साठवत नाही, झाडतंही.

प्रत्येक पॅकेजला एक चिठ्ठी जोडलेली असते. तिच्यावर ठरलेल्या ओळी असतात. नाव काय. आवृत्ती कितवी. कोणत्या विभागातलं. सांभाळणारा कोण. मूळ कुठून आलं. वर्णन. आणि सगळ्यात महत्त्वाची ओळ: याला सोबत काय काय लागतं. पुरणपोळी करायची तर डाळ, गूळ, कणीक लागणार. तसं एका प्रोग्रामला दुसरे पाच लागतात, त्या पाचांना आणखी काही लागतात. आपण फक्त पहिल्याचं नाव सांगायचं. संगणक चिठ्ठ्या वाचत वाचत बाकीचे सगळे स्वतः आणतो. हे माणसाला चिठ्ठ्या हातात धरून करणं अशक्य आहे. म्हणून चिठ्ठीवरचं एक नाव चुकलं की माल शाबूत असूनही घरात चूल पेटत नाही.

आता अशा चिठ्ठ्या हजारोंनी बदलायच्या झाल्या तर? याचं एक उदाहरण आपल्या अक्षरांचंच आहे.

संगणकावर मराठी अक्षरं दिसायला फॉन्ट लागतो. लोहित नावाचे मुक्त फॉन्ट आहेत. रेड हॅट या कंपनीने ते खुले केले. लोहित म्हणजे लाल, हे नाव तिथूनच पडलं असावं. पण ते मुळात तयार केले पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने. तुमच्या तालुक्याच्या छपाईवाल्याकडे श्रीलिपी असेल, तीच ही मंडळी. असे फॉन्ट डेबियनमध्ये गेले तेव्हा तिथे पद्धत होती की फॉन्टच्या पॅकेजचं नाव टीटीएफ या अक्षरांनी सुरू करायचं. भारतीय लिप्यांच्या संचाचं नाव होतं टीटीएफ-इंडिक-फॉन्ट्स.

टीटीएफ हा फायलीचा एक प्रकार. म्हणजे मालाला बारदानाचं नाव दिल्यासारखं. कांदा गोणीत भरला म्हणून त्याला गोणी म्हणायचं. सगळे कांदे गोणीतच येत होते तोवर चाललं. पुढे दुसऱ्या प्रकारच्या फायली आल्या आणि टीटीएफ नावाच्या पुडक्यात टीटीएफ नसलेला माल भरू लागला. मग फॉन्ट सांभाळणाऱ्या मंडळींनी 2011 च्या सुमारास ठरवलं की नाव बारदानावरून नको, मालावरून हवं. सुरुवात 'फॉन्ट्स' या शब्दाने करायची, पुढे बनवणाऱ्याचं किंवा लिपीचं नाव. टीटीएफ-इंडिक-फॉन्ट्सचं झालं फॉन्ट्स-इंडिक. देवनागरीच्या संचाचं झालं फॉन्ट्स-देवा. तसं सगळ्यांचं.

ठरवणं सोपं. पण बाकीच्या कितीतरी पॅकेजेसच्या चिठ्ठ्यांवर 'मला टीटीएफ-अमुक लागतं' असं लिहिलेलं होतं. जुनं नाव एका रात्रीत पुसलं असतं तर त्या सगळ्यांची चूल विझली असती. आमच्या रविवारासारखंच झालं असतं, फक्त कितीतरी मोठं.

त्यांनी काय केलं, ते आम्हाला फार आवडलं. जुन्या नावाची एक रिकामी पिशवी भांडारात तशीच ठेवली. आत माल काही नाही. चिठ्ठीवर एवढंच, की मला नवीन नावाचं पॅकेज लागतं. ज्याच्या घरी जुनं नाव आहे तो सवयीने जुनंच मागतो, संगणक ती रिकामी पिशवी उचलतो, तिची चिठ्ठी वाचतो आणि नवा माल घेऊन येतो. घरातल्याला कळतही नाही की नाव बदललं. शिवाय नव्या पॅकेजच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं की मी अमक्याच्या जागी आलो आहे, म्हणजे दोघांची टक्कर होत नाही. मग इतरांनी आपापल्या चिठ्ठ्या सवडीने दुरुस्त करायच्या. एक पूर्ण आवृत्ती, म्हणजे साधारण दोन वर्षं, जुनी पिशवी राहते. त्यानंतर ती काढायची.

मैत्रिणींनो, नाव बदलणं म्हणजे काय हे आपल्याइतकं कोणाला माहीत असणार? शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत मधलं नाव नवऱ्याचं पण आडनाव जुनंच, आणि रेशनकार्डावर 'बाई' जोडलेलं. बाई तीच. प्रत्येक खिडकीवर तिलाच सिद्ध करावं लागतं की ही मीच. राजपत्रात नाव छापून आणा, प्रतिज्ञापत्र करा, दाखला आणा. यंत्रांच्या त्या भांडाराने नाव बदललं, तेव्हा शोधत फिरण्याचं काम मागणाऱ्याच्या गळ्यात मारलं नाही; जुन्या नावापासून नव्याकडे जायची वाट भांडारानेच बांधली. हे ऐकून आमच्या बैठकीत एक आजी म्हणाल्या, आमचं लग्न झालं तेव्हा अशी एक पिशवी ठेवायला हवी होती. आम्ही हसलो, पण त्या हसत नव्हत्या.

या फॉन्टच्या गोष्टीत आणखी एक भाग आहे, तो थेट मराठीचा. आपला ल आणि हिंदी पुस्तकातला ल यांचं वळण वेगळं असतं. आपला पाकळीचा. श चंही तसंच. राज्य शासनाने 2009 मध्ये आणि पुन्हा 2022 मध्ये वर्णमालेविषयी निर्णय काढले, त्यांत या अक्षरांचाही विचार आहे. पण संगणकाच्या आतल्या हिशोबात मराठी ल आणि हिंदी ल यांना एकच क्रमांक आहे, कारण लिपी एकच, देवनागरी. मग संगणकाने कोणतं वळण दाखवायचं? मजकुरावर 'ही भाषा मराठी' अशी खूण असेल तर चांगला फॉन्ट ती वाचतो आणि पाकळीचा ल दाखवतो. खूण नसेल तर हिंदीचा. पुष्कळ प्रोग्राम ही खूण पुढे पाठवतच नाहीत. म्हणून लोहितचा देवनागरी फॉन्ट एकच असताना मराठीसाठी वेगळं पॅकेजही ठेवावं लागलं: फॉन्ट्स-लोहित-देवा-मराठी. नेपाळीचंही तसंच वेगळं आहे.

आम्ही हळदीकुंकवाची आमंत्रणं छापली तेव्हा ल हिंदीचा आला होता. शाळेतल्या बाई म्हणाल्या, हा आपला ल नाही. तेव्हा आम्हाला वाटलं, छापणाऱ्याला येत नसेल. आता कळलं की अक्षर बरोबर होतं, चिठ्ठी नव्हती. पुण्यात तयार झालेलं अक्षर सुद्धा चिठ्ठीवाचून परकं दिसतं.

लोहितची चिठ्ठी आणखी एका ओळीत बदलली. परवान्याच्या. 2011 मध्ये हे फॉन्ट आधीच्या परवान्यातून काढून खास फॉन्टसाठी लिहिलेल्या मुक्त परवान्याखाली आणले. अक्षरांची वळणं होती तीच राहिली, पण कोणी ती कुठे, कशी वापरावी हे बदललं. परवान्याची ही ओळ डेबियन फार जपतं. पूर्वी जो तो आपल्या शब्दांत लिहायचा. मग त्यांनी तिचा एक ठराविक नमुना ठरवला, म्हणजे माणसाबरोबर यंत्रालाही वाचता येईल. तो मान्य व्हायला काही वर्षं चर्चा चालली होती. नमुना मान्य झाल्यावरही कुणावर सक्ती केली नाही. ज्याला जमेल त्याने, जेव्हा पॅकेजला हात लागेल तेव्हा बदलावं. त्यामुळे जुन्या पद्धतीच्या चिठ्ठ्या अजूनही आहेत. आम्हाला हे आधी ढिलाईचं वाटलं. आता तसं वाटत नाही.

सगळ्या चिठ्ठ्या एकाच वेळी बदलण्याची वेळ मात्र कधी कधी येतेच. 2018 मध्ये डेबियनची प्रोग्राम लिहिण्याची जुनी सामाईक जागा बंद झाली आणि काम नव्या जागी गेलं. जुन्या जागेचं नाव अलिऑथ, नवीचं साल्सा. हजारो चिठ्ठ्यांवर 'मूळ काम इथे पाहा' म्हणून जुना पत्ता होता. तो बदलायचा कोणी? आता पाहा, प्रत्येक पॅकेजला सांभाळणारा असतो आणि त्याला न विचारता सहसा कोणी हात लावत नाही. कोणी कॅनडात, कोणी जपानमध्ये, कोणी आजारी, कोणाचं नुकतंच लग्न. इथे त्यांनी यंत्राची मदत घेतली. जॅनिटर नावाचा एक प्रोग्राम आहे. जॅनिटर म्हणजे झाडलोट करणारा. तो पॅकेजमागून पॅकेज बघतो, जुना पत्ता, चुकलेली ओळ, कालबाह्य शब्द शोधतो आणि दुरुस्ती करून सांभाळणाऱ्यापुढे ठेवतो: अशी बदलू का? हो म्हटलं तर बदल होतो. नाही म्हटलं तर तशीच राहते. चिठ्ठ्या तपासणारा आणखी एक प्रोग्राम आहे, लिंटियन. तो बदलत काही नाही, फक्त दोष दाखवतो. कोणता दोष किरकोळ आणि कोणता गंभीर, तेही सांगतो.

यंत्र झाडतं, पण घरमालकिणीला विचारून. आमच्या रविवारी आम्ही 12 गटांच्या एकाही सचिवाला विचारलं नव्हतं. पैकी एकीने जरी यादी पाहिली असती तरी 47 तिच्या डोळ्यात आला असता.

सांभाळणारा निघून गेला तर काय, हेही आम्ही विचारलं. गटात असं होतंच. सचिव लग्न होऊन परगावी जाते आणि वही तिच्या ट्रंकेत राहते. डेबियनमध्ये अशा पॅकेजला अनाथ म्हणतात, खरोखरच तोच शब्द. चिठ्ठीवरच्या सांभाळणाऱ्याच्या ओळीत सामाईक देखरेख करणाऱ्या गटाचं नाव जातं आणि अनाथांची उघड यादी असते. कोणीही पुढे येऊन दत्तक घेऊ शकतं. फार दिवस कोणी घेतलं नाही आणि ते मोडकळीला आलं, तर भांडारातून काढतात. पण चिठ्ठीवर गेलेल्या माणसाचं नाव तसंच ठेवून, आहे कोणीतरी, असं भासवत नाहीत.

सगळं तिथे सुरळीत होतं असंही नाही. संगणकाच्या काही भागांना, वायफायसारख्या, चालायला कंपनीचे छोटे बंदिस्त प्रोग्राम लागतात. मुक्त भांडारात ते ठेवायचे का, यावर डेबियनमध्ये वर्षानुवर्षं वाद. 2022 मध्ये मतदान झालं आणि 2023 च्या बाराव्या आवृत्तीत त्यांच्यासाठी एक वेगळा विभाग काढला. माल तोच, कप्पा नवा. पण ज्यांच्या संगणकाला फक्त जुना कप्पा माहीत होता त्यांना आपल्या यादीत एक ओळ वाढवावी लागली. आवृत्तीसोबतच्या सूचनांत ते लिहिलेलं होतं. सूचना न वाचणारे लोक तिथेही असतात. त्यांना या छोट्या प्रोग्रामच्या सुधारणा मिळायच्या थांबल्या. इथे रिकाम्या पिशवीची युक्ती पुरली नाही.

आता आमच्या 134 चिठ्ठ्या. मुलीचं सांगणं ऐकून आम्ही पुन्हा बसलो, या वेळी चौघी नाही, सोळा जणी, प्रत्येक गटाची सचिव धरून. पहिलं काम, जुने नंबर परत आणले. हो, ते वेडेवाकडे नंबरच. कारण पासबुकं, पावत्या, ठरावाच्या वह्या सगळीकडे तेच होते. गटाप्रमाणे यादी हवी होती ना, मग गटाचा वेगळा रकाना केला. नंबर बदलायची गरज मुळात नव्हतीच. आम्ही नंबराकडून दोन कामं करून घ्यायला निघालो होतो, ओळखीचंही आणि क्रमाचंही. जी बाई गट सोडून गेली तिचा नंबर कोणालाही द्यायचा नाही असं ठरलं. डेबियनमध्येही एकदा एका मालाला दिलेला आवृत्तीक्रमांक दुसऱ्या मालाला चालत नाही, भांडार घेतच नाही. आमचे नंबर वाढत जातील. जाऊ देत.

मधल्या काळात नव्या नंबरांनी ज्या 23 पावत्या फाडल्या गेल्या होत्या, त्यांच्यासाठी एक रकाना ठेवला: 'काही दिवस हा नंबर होता'. ती आमची रिकामी पिशवी. दोन वर्षांनी काढू.

आणि एक फेरफारवही घातली. तलाठ्याकडे सातबाऱ्यात बदल होतो तो परस्पर होत नाही. गावनमुना 6 मध्ये फेरफाराची नोंद होते, कोणत्या कारणाने, कोणत्या कागदावरून, मग सातबाऱ्यावर फेरफाराचा नंबर येतो. पन्नास वर्षांनी सुद्धा मागे जाऊन बघता येतं. मुलीने दाखवलं की साल्सावर अगदी हेच चालतं: चिठ्ठीतली एक ओळ बदलली तरी कोणी, कधी, का, हे राहतं आणि आधीची ओळ कायम दिसते. आपल्या तलाठ्याची वही आणि त्यांचं साल्सा एकाच जातीचं निघालं. आमच्या वहीत आता तारीख, जुनं काय, नवं काय, कोणी सांगितलं, आणि त्या ताईची स्वतःची सही किंवा अंगठा. त्यांच्या सहीशिवाय त्यांच्या ओळीला हात नाही. लिहायला वेळ लागतो. एका नावाला दहा मिनिटं. दोघी-तिघींना अजूनही हे जास्तीचं वाटतं, आणि हिशोबाच्या घाईत असताना आम्हालाही वाटतं.

47 नंबरच्या ताईंचे 1,600 रुपये ग्रामसंघाने द्यावेत असा ठराव आम्ही मांडला होता. चर्चा झाली. काही जणींचं म्हणणं पडलं की सावकाराचं व्याज सामाईक पैशातून भरायला लागलो तर पायंडा पडेल. ताई स्वतःच म्हणाल्या, राहू द्या. शेवटी ज्या चौघींनी तो रविवार केला होता त्या आम्ही चौघींनी 400 - 400 काढले. ताईंनी घेतले, पण लगेच नाही.

आता नावांचं काम चालू आहे. आधार, पासबुक आणि गटाची वही या तिन्हींवर नाव सारखं आहे का ते बघतोय. 134 पैकी 123 जुळली. 11 राहिली आहेत. त्यांतल्या 4 जणींचं माहेरचं आणि सासरचं नाव असा घोळ आहे, दोघींच्या आडनावात एक काना कमी-जास्त आहे, आणि एकीचं नाव आधारवर इंग्रजीत असं लिहिलंय की त्यावरून मराठीत ते तिघींनी तीन प्रकारे वाचलं. बाकीच्यांनी अजून कागद आणलेले नाहीत. त्यांनी पुढच्या सोमवारी दुपारी बारानंतर कागद घेऊन ग्रामसंघाच्या खोलीवर यावं. झेरॉक्स नको, मूळ कागदच आणा, आम्ही बघून लगेच परत देऊ.